एका घराची एक सही

मी फळी बोलते आहे. भिंतीला ठोकलेली, डबे पेलणारी फळी नव्हे. हातात मावणारी, वरच्या कडेला पोलादी चाप असलेली, कागद घट्ट धरून ठेवणारी लेखनाची फळी. आमच्या गल्लीत मला 'काकांची फळी' म्हणत. मी दारात दिसले की लोक आपला चष्मा शोधू लागत, कारण मी आले म्हणजे सही आली.

माझा जन्म एका दरवाजाच्या उरलेल्या तुकड्यातून झाला. गल्लीतल्या रहिवासी संघाची पहिली बैठक औषधांच्या दुकानाच्या ओट्यावर भरली होती. तुंबलेल्या गटाराबद्दल अर्ज करायचा होता आणि चिटणीस म्हणून काका एका मऊ वहीवर सह्या घेत होते. आयुष्यभर टपाल वाटून निवृत्त झालेला माणूस. कोणत्या दाराची कडी कशी वाजते हेसुद्धा त्यांना पाठ. गल्लीतला सुतार बराच वेळ ती वाकणारी वही पाहत राहिला आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन आला. म्हणाला, "काका, सही ताठ यायला हवी असेल, तर खाली काहीतरी ताठ असायला हवं." मला रंधा मारून, घासून त्याने इतके गुळगुळीत केले होते की काकांनी माझ्यावरून दोनदा हात फिरवला. तो स्पर्श मी विसरलेले नाही.

पुढची अकरा वर्षे मी गल्लीतले एकशे अठरा उंबरे झिजवले. रंगकारखान्याचे निळे-जांभळे पाणी ओढ्यात येई. ते बंद झाले, ते माझ्यावरच्या सह्यांमुळे. शाळेमागचा कचऱ्याचा ढीग हलला, तोही तसाच. रस्त्याच्या कडेला सावलीची सात झाडे लावायची परवानगी मिळाली, तेव्हा तर गल्लीने मला हार घालायचेच काय ते बाकी ठेवले होते.

झाडांना पाणी घालायच्या पाळ्या ठरल्या. पाळ्या ठरतात आणि विसरल्या जातात, हा माणसांचा जुना शिरस्ता. सातवे झाड काकांच्या खिडकीसमोर होते. त्याला मात्र काकूंनी नऊ वर्षे एकटीने पाणी घातले, भाज्या धुतलेले, भांडी विसळलेले. पुढे काकूंच्या कंबरेने दगा दिला आणि त्यांचे अंथरूण खिडकीपाशी आले. तोवर झाडही वाढून खिडकीपाशी आले होते. दुपारी दोन ते पाच त्याची सावली बरोबर काकूंच्या उशीवर पडे. काकू म्हणत, "मी त्याच्याकडे जायचे, आता ते माझ्याकडे येतं. हिशेब फिटला."

काकांचा एक नियम होता: एका घराची एक सही. पहिल्याच अर्जावर शिंप्याच्या घरातल्या नऊ माणसांनी नऊ सह्या ठोकल्या होत्या आणि नगर कार्यालयातला कारकून खो खो हसला होता. तेव्हापासून हा नियम. म्हणून माझ्या चापात कागद सरळ लावून देणाऱ्या, काकांचे पेन शोधून देणाऱ्या काकूंची सही मी कधी पाहिलीच नव्हती. त्यांना कुणी मागितली नव्हती, आणि त्यांनीही विचारले नव्हते.

आता आमच्या चुकीकडे येते. ती एकाची नव्हे, सगळ्यांची होती. म्हणूनच कुणाला चूक वाटली नाही.

लोक मजकूर वाचीनासे झाले. "काका, तुमच्यावर भरवसा आहे. कोऱ्यावरच करून ठेवतो, मजकूर मागाहून लिहा," असे आधी एक जण म्हणाला, मग दहा जण म्हणाले. काका पहिली दोन वर्षे बधले नाहीत. न आलेल्या पत्राची पोच मी कधी घेतली नाही, असे ते अभिमानाने सांगत. पण तीन-तीन मजले चढून त्यांचे गुडघे कुरकुरू लागले आणि शेवटी त्यांनी मान तुकवली. सहा कोऱ्या पत्रकांवर एकशे अठरा नावे, एकशे अठरा सह्या. पहिली सही काकांची. ती पत्रके माझ्या चापाखाली पडून राहिली. मला ते ओझे जाणवत होते. पण फळीला विचारतो कोण?

त्याच वर्षी कोपऱ्यावर अपघात झाला. बालवाडीच्या मावशी हात आडवा धरून मुलांना रस्ता ओलांडून देत. एका भरधाव गाडीने त्यांना उडवले. मुले वाचली, मावशींचे खुब्याचे हाड मोडले. काकांनी त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला: कोपऱ्यावर पांढरे पट्टे हवेत आणि गतिरोधक हवा. त्याहून एक अक्षर जास्त नाही.

कार्यालयाचे उत्तर आले, तेव्हा काका डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात होते. दोन दिवसांत रहिवाशांची संमती पाठवा, असे त्यात होते. सोबत छापील मसुदा होता. संघाचे अध्यक्ष म्हणजे औषधवाले अण्णा. माणूस सरळ, पण सदा घाईत. मावशींसाठी ते तळमळत होते. त्यांनी मला दुकानाच्या फळकुटावर ठेवले, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात मसुद्यावरून नजर फिरवली आणि तो कोऱ्या पत्रकांवर टाचला. मी मात्र तो पुरता वाचला, कारण तो माझ्या छातीवरच होता: 'चौकसुधारणेसाठी आवश्यक ती सर्व कामे करण्यास व मार्गातील अडथळे दूर करण्यास आमची संमती आहे.' अडथळे म्हणजे वाळूचा ढीग आणि मोडकी हातगाडी, असे अण्णांनी गृहीत धरले आणि पत्रके कार्यालयात धाडली.

अडथळे सात होते. त्यांना पाने होती.

सोमवारी करवत आली आणि पहिली दोन झाडे पडली. काळा चष्मा लावलेले काका मला काखेत धरून कार्यालयात गेले. कारकुनाने पत्रक पुढे सरकवले. आयुष्यभर हजारो लोकांचे अक्षर ओळखणाऱ्या त्या माणसाने सर्वांत वरचे अक्षर ओळखले: ते त्याचे स्वतःचे होते. कारकून या वेळी हसला नाही. म्हणाला, निम्म्याहून अधिक घरांनी लेखी संमती मागे घेतली, म्हणजे साठ सह्या आणल्या, तर त्याच क्षणी स्थगिती देतो. काम दिवसाला दोन झाडांचे आहे.

घरी आल्यावर काका काकूंना म्हणाले, "तुझं झाड शेवटचं आहे. तोवर साठ होतील."

आणि मग मी ते पाहिले, जे अकरा वर्षांत पाहिले नव्हते. लोक वाचू लागले. प्रत्येक जण, प्रत्येक ओळ. शिंपी पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवीत वाचून म्हणाला, "राग मानू नका काका, पण दुधानं तोंड पोळलंय." तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना यजमान परगावाहून येईपर्यंत थांबायचे होते. एका गृहस्थांना 'विनंती' हा शब्द लाचार वाटला. तिथे 'मागणी' हवी होती. शब्द बदलला तर आधीच्यांना पुन्हा विचारावे लागेल, हे समजावण्यात एक दुपार गेली. अण्णा दुकान बंद ठेवून काकांबरोबर फिरत होते आणि प्रत्येक दारात आधी स्वतःची चूक सांगत होते. त्यामुळे वेळ आणखी जाई. कुणाचे चुकत होते? वाचूनच सही करावी, हे खरेच. पण शहाणपणही कधी कधी वेळ चुकवून येते.

मंगळवारी दोन झाडे गेली. बुधवारी दोन. बुधवारच्या संध्याकाळपर्यंत माझ्यावर एकोणसाठ सह्या होत्या.

गुरुवारी सकाळची फेरी रिकामी गेली आणि दुपारी करवत खिडकीखाली आली. मुकादम दोर बांधत होता. काकांनी पुन्हा पत्रके मोजली. एकोणसाठच.

"एकच कमी आहे," ते म्हणाले. "फक्त एक."

"मी आहे की," काकू म्हणाल्या.

काका मृदू आवाजात म्हणाले, "अगं, एका घराची एक सही. या घराची झालीय. उद्या कुणी बोट ठेवलं तर सगळाच अर्ज जाईल."

"नियम कुणाचा आहे?"

"माझाच."

"मग जा," काकू म्हणाल्या. "लवकर जा."

आम्ही अजून सही न केलेल्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावले आणि घड्याळ उघडावे तसा तो मजकूर उघडून पाहिला. एकदा नव्हे, दोनदा. नंतर सुबक सही केली. तिथे अर्धा तास गेला. कार्यालयात मात्र कुणीही अडवले नाही. कारकुनाने साठ सह्या मोजल्या, स्थगितीचा आदेश दिला आणि माझ्यावरच ठेवून शिक्का मारला. एका घरातल्या दोन सह्या आहेत का, हे त्याने पाहिलेही नाही. ते काकांनी पाहिले, आणि मीही.

आम्ही परतलो, तेव्हा गल्लीत फार उजेड होता. मुकादम आडव्या खोडावर बसून हात पुसत होता. त्याने आदेश वाचला, नीट घडी करून परत दिला आणि म्हणाला, "अर्ध्या तासापूर्वी आला असतात, तर मी करवत खाली ठेवली असती."

काका आत गेले. त्यांना काहीच सांगावे लागले नाही. काकूंच्या उशीवर लख्ख ऊन पडले होते आणि त्या डोळे मिटून पडल्या होत्या. डोळे न उघडता म्हणाल्या, "ती फळी द्या इकडे."

माझ्या चापात अर्जाची दुसरी प्रत होती. काकूंनी मला छातीशी उभे धरले, पूर्ण अर्ज मोठ्याने वाचला, आणि साठाव्या ओळीखाली, कुणीही न मागितलेली सही केली. काका भिंतीकडे तोंड करून उभे होते.

या गोष्टीला आता दोन वर्षे झाली. रस्ता अर्धवट रुंद होऊन तसाच पडला आहे. पांढरे पट्टे आले नाहीत. मावशी काठी टेकत कोपऱ्यावर येतात आणि हाताऐवजी काठीच आडवी धरतात. काकांनी चिटणीसपद सोडले. सोडण्यापूर्वी त्यांनी संघाकडून एकच ठराव करून घेतला: घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाची स्वतंत्र सही. तो एकमताने संमत झाला.

मी मात्र कुणाच्या दारात जात नाही. माझा चाप गंजला आहे. त्यात ती एकच प्रत आहे. दुपारचे दोन वाजले की काका मला खिळ्यावरून काढतात आणि खिडकीच्या गजांना टेकवून उभी करतात. मी वीतभर रुंद, हातभर लांब. झाडाची सावली तीन तास पुरे, आणि ती आपली आपण सरके. मला काका दर थोड्या वेळाने बोटभर सरकवतात, म्हणजे माझी सावली काकूंच्या डोळ्यांवरून ढळत नाही. मीही एके काळी झाडच होते. जमेल तेवढे करते.

तुमच्या दारात माझ्यासारखी एखादी फळी आली, तर तिला उभे ठेवा. वाचा. आणि आत जाऊन विचारा, घरात आणखी कुणाला सही करायची आहे का. मात्र तिथे फार वेळ लावू नका. बाहेर कुणी तरी दोर बांधत असेल.