मेलेली माशी मी चालवली

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे आणि एकदा मी मेलेल्या माशीला चालायला लावले. तुमचा विश्वास बसणार नाही. शेजारी टांगलेल्या मोडक्या पंख्याचाही बसत नाही.

आज मी या वर्गाच्या भिंतीवर असले, तरी पूर्वी शिकाऊ वैमानिकांच्या लहान विमानाची समोरची काच होते. मेकॅनिककाका मला मऊ ओल्या फडक्याने पुसत आणि म्हणत, ही जागेवर आहे की नाही तेच कळत नाही. काचेचे याहून मोठे कौतुक नसते.

मग आला एक नवा शिकाऊ, माझ्या भाषेत घड्याळजी. त्याची नजर सदा उंची आणि वेग दाखवणाऱ्या घड्याळांवर. बाहेर पाहील तर शपथ! एकदा त्याने मला धुळीने भरलेल्या कोरड्या बोळ्याने खसाखसा घासले, अंगभर ओरखडे काढले आणि वर म्हणाला, "हिच्यातून बघायचंय काय? सगळं तर घड्याळांत दिसतं."

मी दातओठ खाल्ले. दात नाहीत, ओठ नाहीत, तरी खाल्ले.

शिकवणाऱ्या मॅडम त्याला रोज बजावत, की काचेवर सरकणारा ठिपका आपल्या वाटेने जातो. जागच्या जागी मोठा होणारा ठिपका आपल्यावर येतो. पुढे मान डावी-उजवी करायलाही सांगत, पण ती कवायत समजून मी कान दिला नाही. मला सूड सापडला होता. एक माशी माझ्यावर आपटून मेली, ती मी नेमकी त्याच्या नाकासमोर धरून ठेवली. मॅडमनी बाहेर बघायला लावले तेव्हा पठ्ठ्याला न हलणारा ठिपका दिसला, आणि त्याने विमान असे वळवले की मॅडमचा चष्मा मांडीत पडला. खाली उतरल्यावर साऱ्या तळाने त्याचे नाव 'माशीमार' ठेवले. काय गार वाटले म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी तो प्रथमच एकटा उडणार होता. काका फडके घेऊन आले, तर म्हणाला, "राहू द्या, काका. आता नाही फसत मी."

वर गेल्यावर माशी फुगू लागली. मेलेली माशी फुगते का हो? तिच्याआड समोरून येणारे खरे विमान दडले होते. तो मात्र गालात हसत होता. माझा सूड त्याच्याबरोबर मलाही गिळणार होता! मग मी जीव एकवटून माशीला दोन बोटे बाजूला ढकलले. मागून त्या विमानाचे पंख उघडे पडले. त्याने विमान उजवीकडे घातले, आणि ते दुसरे इतक्या जवळून गेले की आतल्या माणसाची जांभई दिसली.

तेव्हा मुलांनो, काच मऊ फडक्याने पुसा आणि तिच्यातून बाहेर बघा. नाहीतर माशा पुष्कळ आहेत. आणि विसरू नका, आज तुम्हाला शिकवणारे हे पिकल्या मिशांचे माशीमार सर जिवंत आहेत, ते मी माशी हलवली म्हणून.

सर मला पुसत होते. ओले फडके थांबले.

"माशी जागची हलली नव्हती, काचबाई," ते म्हणाले. "मान मी हलवली होती."