सोळा चित्रांचा ग्रंथ

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे. नुसतं पुस्तक म्हटलेलं मला खपत नाही. माझ्या पाठीचा रंग उडालाय आणि आतल्या एका पानाचा कोपरा फाटलाय. त्या कोपऱ्याचीच हकिगत सांगायची आहे. मध्येच उठून जाऊ नका, अर्धवट वाचणाऱ्यांचा मला भारी राग येतो.

माझा जन्म पुण्यातल्या एका लहानशा छापखान्यात झाला. मला लिहिलं मुकुलसरांनी. तरुण माणूस, पहिलंच पुस्तक. कोकणातले खलाशी दीडशे वर्षांपूर्वी सिंगापूर बंदरात कसे राहिले, हे त्यांनी गावोगाव हिंडून जमवलं. दापोलीजवळच्या एका घरात तर त्यांना घबाडच सापडलं. एका खलाशानं सिंगापुरातून आईला धाडलेलं मोडी पत्र! माझं शेवटचं प्रकरण त्या एका पत्रावर उभं आहे. पत्राचा फोटो आणि समोरच्या पानावर त्या घराचा फोटो, दोन्ही गुळगुळीत कागदावर छापले. प्रकाशकानं मात्र चित्रांना आकडे घातले नाहीत. पुढे तेच नडलं.

२०१३ साली मला सिंगापूरच्या एका इतिहासाच्या नियतकालिकाकडे परीक्षणासाठी पाठवलं. तिथे मराठी वाचणारं, त्यातून मोडी जाणणारं कोण मिळणार? पण मिळाल्या. दीप्तीताई तिथल्या विद्यापीठात इतिहासाचं संशोधन करत. त्यांचे यजमान नरेश जुरोंग आयलंडवरच्या तेल कारखान्यात इंजिनिअर, आणि दोघांचा फ्लॅट बिशान भागात. पहिले काही दिवस माझं कोण कौतुक! समासात पेन्सिलीनं 'छान', 'वा' असं लिहिलं जायचं. मी फुशारून गेलो होतो.

मग जूनमध्ये शेजारच्या देशात रानं पेटली आणि धूर सिंगापूरवर उतरला. घरोघरी खिडक्या बंद झाल्या. बाहेर बांबूवर वाळणारे कपडे घरात आले आणि नेमके माझ्या डोक्यावर टांगले गेले. आधीच हवा दमट, त्यात एक ओला टॉवेल माझ्यावर ठिबकत राहिला. माझी ती दोन गुळगुळीत पानं एकमेकांना घट्ट चिकटली आणि पत्राचा आणि घराचा, दोन्ही फोटो आत कोंडले गेले. दीप्तीताईंना पत्ताच नाही!

शेवटचं प्रकरण वाचून झालं. 'सोबत पत्राचा फोटो दिला आहे' असं मुकुलसरांनी लिहिलं होतं. दीप्तीताईंनी चित्रं चाळली, पुन्हा चाळली. पत्र नाही. त्यांचा चेहरा आधी उतरला, मग कठोर झाला.

"नरेश, ह्या माणसानं पत्र दाखवलंच नाहीये. आहे म्हणतो, आणि नाही."

"मग त्यालाच मेल कर ना."

"नाही चालत. रिव्ह्यू लिहिणाऱ्यानं लेखकाला परस्पर विचारायचं नसतं."

"अगं, पण पहिलंच पुस्तक त्याचं. असं छापून आलं तर उठेल का तो परत?"

"मला काय हौस आहे? पण आमच्याकडे पुराव्याशिवाय पान हलत नाही."

हलत नव्हतं ते माझंच पान होतं हो! दीप्तीताईंनी टाइप केलं, 'असं पत्र खरोखर आहे का, याचीच शंका येते.' माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. मुकुलसरांवर खोटेपणाचा शिक्का बसणार, आणि पुरावा माझ्याच पोटात! ओरडावं तर मला तोंड नाही. तेवढ्यात एडिटरचा फोन आला. अंक छपाईला निघालाय, लेख आत्ताच हवा.

"पाठवतेच, फक्त मथळा भरायचा राहिलाय," दीप्तीताई म्हणाल्या.

मथळा म्हणजे परीक्षणाच्या डोक्यावरची रुक्ष ओळ. पुस्तकाचं नाव, पानं किती, चित्रं किती. बहुतेक लोक ती पुस्तकाच्या पहिल्या पानावरून उतरवून मोकळे होतात. तिथे 'सोळा चित्रं' असं छापलेलंच होतं. पण दीप्तीताईंची खोड अशी की दुसऱ्याचा आकडा मोजल्याशिवाय घ्यायचा नाही. त्यांनी चित्रं मोजली. भरली चौदा.

आता माझा जीव भांड्यात पडणार, तोच त्या उसळल्या. "बघ! छापली चौदा आणि सांगतो सोळा! इथेही थाप!" आगीतून फुफाट्यात की हो! बोटं पुन्हा कीबोर्डवर गेली.

"थांब, थांब," नरेश म्हणाले. "आपला लग्नाचा अल्बम आठव. हार घालतानाचे फोटो गायब म्हणून त्या फोटोवाल्याला काय काय बोललीस! आणि निघालं काय? पानं चिकटलेली. सिंगापूरची हवा आहे ही, बाई."

दीप्तीताईंनी कीबोर्ड सोडून मला हातात घेतलं. माझं एकेक पान बोटांत धरून चोळू लागल्या. एक पान जाड लागलं. त्यांनी घाईनं ओढलं मात्र, टर्रकन कोपरा फाटला! मी कळवळलो. आणखी ओढलं असतं तर पत्राची अक्षरंच सोलून निघाली असती आणि पुरावा कायमचा गेला असता.

"हळू!" नरेश ओरडले.

फोन पुन्हा वाजला. दीप्तीताईंनी उचलला नाही. लोणी लावायची पातळ सुरी आणून, श्वास रोखून, त्या पानं केसाकेसानं सोडवत राहिल्या. अखेर पानं सुटली. आत मोडी अक्षरं होती. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "आई, मी खुशाल आहे. माझी काळजी करू नये." खाली खलाशाचं नाव होतं.

"नरेश, मी ह्याला खोटं पाडायला निघाले होते रे," त्या म्हणाल्या.

परीक्षण उशिरा गेलं, एडिटर चिडले. ते काही गोड गोड नव्हतं हं! एका तारखेची चूक दाखवलीच, लांबलेल्या प्रस्तावनेला चिमटाही काढला. पण ती शंकेची ओळ गेली होती. तिथे लिहिलं होतं, 'हे पत्र मी स्वतः वाचलं आहे.' आणि मथळ्यात होतं, चित्रं सोळा.

आता मी कपाटाच्या वरच्या फळीवर धूळ खात असतो. सहसा कुणी हात लावत नाही, वाईट वाटतं. मित्रांनो, आम्हाला ओल्या कपड्यांखाली ठेवू नका, अधूनमधून उघडून वारा दाखवा. आणि ग्रंथ असो की माणूस, हिशेबात कमी भरला तर लगेच खोटा म्हणू नका. त्याचं एखादं पान चिकटलेलं असेल. ते जरूर सोडवा, फक्त ओढू नका. माझा कोपरा बघा.