वणव्यानंतरचं तळं

कोळवणच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीनं एकोणीसशे अठ्ठावन्नपर्यंत दोन उन्हाळे खपून डोंगराच्या पायथ्याशी तळं बांधलं. पाऊस धो धो पडायचा, पण चैत्र लागला की प्यायला पाणी नसायचं. तळं झालं आणि बायकांची नदीपर्यंतची पायपीट थांबली. बांधाचा शेवटचा दगड कुशाबानं बसवला होता.

तिसऱ्या वर्षी, फाल्गुनात, त्याच कुशाबानं डोंगरावरचं वाळलेलं गवत पेटवलं. दरसाल कुणी ना कुणी पेटवायचंच. राखेतून गवत कोवळं फुटतं, म्हशींना पुरतं. पण दुपारी वारा फिरला. आग गवतातून कारवीच्या झुडपांत आणि कारवीतून रानात शिरली. तिसऱ्या दिवशी विझली, तेव्हा तळ्याच्या माथ्यावर हिरवं पान उरलं नव्हतं.

आषाढात उघड्या डोंगरावरून पाणी उतरलं ते काळं. राख, माती, मुरूम, जळकी खोडं, सगळं घेऊन. श्रावणात कुशाबानं बांधावरून बांबू घालून पाहिला. जिथं दोन पुरुष खोल पाणी असायचं, तिथं बांबू कमरेइतका बुडाला आणि चिखलात रुतला.

पौषातच तळं आटलं. कुशाबा आणि त्याची बायको साळूबाई घमेली घेऊन उतरली. चार महिने उपसून एक कोपरा मोकळा झाला. पुढच्या पावसानं तोही भरून टाकला. साळूबाई पुन्हा दोन कोस नदीवर जाऊ लागली. एकदा उतारावर भरल्या हंड्यासकट पडली आणि पाच महिन्यांचं पोट रिकामं झालं. ती त्याला एका शब्दानं बोलली नाही. तेच त्याला सोसेना.

वाडी देवळापुढं जमली असताना तो उभा राहिला. "वणवा म्या लावला. काय दंड करायचा त्यो करा."

म्हातारे हैबतराव पाटील तंबाखू मळत म्हणाले, "ठावं हाय रं. म्याबी लावलाय, माज्या बानंबी लावलाय. कुनाकुनाला दंड करायचा?"

"मग तळ्याचं काय, पाटील?"

"गाळ लई कसदार हाय. भात लावू म्हनत्यात समदी."

त्या पावसाळ्यात तळ्यात भात लागला. पीक असं आलं की लोक बघायला यायचे. कुशाबा तिकडं फिरकला नाही. चैत्र लागताच साळूबाई हंडा घेऊन नदीकडं निघायची आणि तिच्या मागं दुसरा हंडा घेऊन तो चालायचा.