चौकटीच्या लाकडाची मूठ

भुजंगानं फडक्याची गाठ सोडली आणि आतल्या दोन वस्तू सटवाजी सुताराच्या पुढ्यात ठेवल्या. एक होतं वस्तऱ्याचं नुसतं पातं, मुठीवाचून उघडंबोडकं. दुसरा होता बाभळीच्या लाकडाचा हातभर तुकडा, एका अंगानं जळून कोळसा झालेला.

सटवाजीनं आधी तुकडाच उचलला. कडीसाठी पाडलेलं भोक दिसलं आणि त्याचा चेहरा उतरला. भुजंगाच्या दाराची ही चौकट त्यानंच बनवली होती, भुजंगाचा बाप सिताराम हयात असताना.

साल अठ्ठ्याहत्तरचं. पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळा मराठवाडा पेटला होता. ह्या गावातल्या एकानंही ते विद्यापीठ डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, पण त्याच्या नावापायी शेजाऱ्यांची घरं जाळायला माणसं कमी पडली नाहीत. बौद्धवाडा जळताना सटवाजी आपल्या ओट्यावर उभा होता. त्यानं काडी लावली नाही आणि तांब्याभर पाणीही नेलं नाही. वर गावानं ठरवून टाकलं, वाड्याचं काम कुणी करायचं नाही.

"बापाचा वस्तरा हाय, मामा," भुजंग म्हणाला. "लढाईत बर्म्याला गेला हुता, तिथून आणलेला. जपानी हाय. पेटी भाईर फेकली लोकांनी, पायाखाली मूठ चुरली. पातं तेवढं वाचलं. ह्या चौकटीच्या लाकडाची मूठ बसवून द्या."

गावचा न्हावी वाड्यातल्या माणसाच्या गालाला हात लावत नसे. म्हणून ह्याच वस्तऱ्यानं सिताराम सगळ्या वाड्याची दाढी करायचा. त्याच्या माघारी ते काम भुजंगाकडं आलं होतं.

"सोनपेठच्या बाजारात जाऊन बी दाढी हुती की," सटवाजी खाली बघत म्हणाला.

"हुती. पर दसऱ्याला आमचा धम्माचा दिवस हाय. त्या दिशी समदे ह्याच वस्तऱ्यानं करत्यात. आवंदा घरं न्हाईत, निदान ह्यो असावा." भुजंगानं पातं पुढं सरकवलं. "जमत नसंल तर तसं सांगा."

नाही म्हणणं सोपं होतं. पण हातातला तो तुकडा खाली ठेवायचं सटवाजीला जमेना. "दसऱ्याला सकाळच्या पारी ये," तो म्हणाला. "आन् कुठं बोलू नको."

काम नाजूक निघालं. नांगर-वखर घडवणारा हात तो, त्याला हा दागिन्यासारखा जिन्नस नवा. मुठीच्या दोन चिपांची पहिली जोडी त्यानं भोक पाडतानाच फोडली. मग उरलेल्या तुकड्याचा जळका भाग तासून काढला, आतला तांबूस गाभा चिरून दोन पातळ चिपा केल्या आणि पितळी तारेच्या खिळ्यांनी जोडल्या. पातं मिटलं की दोन्ही चिपांच्या मधोमध उतरलं पाहिजे, जरा कलंडलं तर धार लाकडाला लागून जाते. शेवटी ते अलगद मधोमध उतरलं तेव्हा सटवाजीला किती दिवसांनी बरं वाटलं. तेलाचा हात देणं तेवढं राहिलं होतं.

आणि मधे खंडेनवमी आली. सुताराच्या घरी ह्या दिवशी हत्यारांची पूजा. किकरं, वाकस, करवत, घरातलं एकही लोखंड पूजेवाचून ठेवायचं नाही, ही रीत. सटवाजी झेंडूची फुलं आणायला गेला आणि त्याची बायको कडूबाई रीतीला जागली. फळीवरचा वस्तरा तिनं काढला, ओळीत मांडला आणि मुठीला हळदीकुंकवाची बोटं लावली. ह्यात तिचं काय चुकलं म्हणावं?

सटवाजी परतला तर ओट्यावर भगवानराव. गावातले मोठे शेतकरी, दरसाल ह्या पूजेला नारळ घेऊन येत. वस्तरा त्यांच्या हातात होता.

"लय झ्याक चीज हाय. कुणाची रं?"

सटवाजीनं हातातली फुलं खाली ठेवली. "माझीच, मालक. बाजारात गावली."

"सुताराला काय करायचीय? आमाला शोभंल." वस्तरा मिटून भगवानरावांनी सदऱ्याच्या खिशात टाकला. बलुतेदाराच्या घरातली वस्तू मालकाच्या मनात भरली की ती मालकाची. सटवाजी हसला. त्या हसण्याची त्याला रात्रभर किळस येत राहिली.

दसऱ्याला सकाळीच भुजंग आला. अंगात पांढरा धुवट सदरा, गालावर दाढीचे खुंट. "समदे खोळंबलेत, मामा."

सटवाजीला तोंड वर करवेना. "हितंच थांब. आलोच," म्हणून तो तडक भगवानरावांच्या घरी गेला.

ओसरीवर न्हावी नागनाथ भगवानरावांची दाढी करत होता. एक गाल तुळतुळीत झालेला, दुसऱ्याला साबण, आणि नागनाथच्या हातात तोच वस्तरा. सटवाजीला परत फिरावंसं वाटलं. पण तिकडं त्याच्या दारात भुजंग उभा होता.

"मालक, काल मी खोटं बोललो. ह्यो वस्तरा भुजंगाचा हाय. त्येच्या बापाचा. वाड्यातल्या दाढ्या ह्यानंच हुत्यात."

नागनाथचा हात हवेतच राहिला. भगवानरावांनी झालेल्या गालाला बोटं लावली आणि चटका बसल्यागत काढली. नागनाथनं वस्तरा खाली टाकून दिला आणि धोतराला हात पुसले.

"उचल ते," भगवानराव हळू आवाजात म्हणाले. "आन् सुगीला आमच्या खळ्यावर दिसू नको." मग आत तोंड करून त्यांनी आंघोळीचं पाणी काढायला सांगितलं.

सटवाजी परतला. वर्षाचं धान्य गेलं हे त्याला कळत होतं, तरी छाती हलकी झाली होती. त्यानं वस्तरा पुढं केला आणि झालेलं सगळं सांगून टाकलं. भुजंग खूश होईल असं त्याला वाटलं होतं.

भुजंगानं मुठीवरचं कुंकू अंगठ्यानं घासलं. तेल न प्यालेल्या लाकडानं ते पिऊन घेतलं होतं, निघेना. पात्याला भगवानरावांचा साबण तसाच होता.

"म्हंजे आमचा हाय म्हणून दिला न्हाई," तो म्हणाला. "आमचा इटाळ हाय म्हणून टाकला."

भुजंगानं पातं उजेडात धरलं.

"पाणी द्या जरा. धुतो."

सटवाजी लगबगीनं आतून तांब्या घेऊन आला. भुजंगानं वस्तरा उघडून हात पुढं केला, आणि सटवाजीनं तांब्या उंच धरला. वरून ओतायला, अंतर राखून. आयुष्यभर त्यानं ह्या माणसांना असंच पाणी वाढलं होतं, हात आपोआपच वर गेला. तो वर गेलेला त्याला दिसला, आणि भुजंगालाही.

सटवाजीनं घाईघाईनं तांब्या खाली आणला, भुजंगाच्या हातापाशी नेला.

"ऱ्हाऊ द्या, मामा," भुजंग म्हणाला. "घरी धुतो." त्यानं वस्तरा फडक्यात गुंडाळला आणि वाड्याच्या वाटेला लागला. सटवाजी भरला तांब्या घेऊन उभा राहिला.