जुन्या चरबीतली वाळू

मित्रांनो, बंदराच्या कचेरीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून ठेवलेला जो शिशाचा ठोकळा तुमच्या पायाला लागतो ना, तो मी. लोक मला वरवंटा समजतात. समजोत बापडे! एके काळी माझ्या भरवशावर शिडाची जहाजं नांगर टाकायची.

माझ्या बुडाला एक खळगा आहे. त्यात चरबी भरायची आणि दोरीनं मला समुद्रात सोडायचं. दोरी खोली सांगायची, आणि तळाशी जे असेल ते चरबीला चिकटून वर यायचं. वाळू आली तर नांगर धरणार. काहीच आलं नाही तर खाली खडक, तिथून काढता पाय घ्यायचा. हे सगळं जहाजाच्या नोंदवहीत उतरायचं, आणि मागून येणारी मालाची जहाजं त्या नोंदीवर डोळे मिटून विसंबायची.

मला सोडणाऱ्या खलाशाला सगळे वावकाका म्हणत. दोन्ही हात पसरून, एक वाव, दोन वाव असं ते ओली दोरी मोजायचे. माणूस चोख. दर खेपेला जुनी चरबी खरवडून नवी भरायचे. चुकले ते एकदाच.

एका अनोळखी खाडीत वारा उलटा फिरला होता आणि कप्तान घाई करत होता. पहिल्या खेपेला मी वाळू आणली. किनाऱ्याजवळ मला पुन्हा सोडताना काकांनी जुनी चरबी तशीच ठेवली. खाली मी खडकावर असा आदळलो म्हणून सांगू! पण वर आलो तो मघाचीच वाळू घेऊन.

"सात वाव, वाळू!" काका ओरडले. कप्तानानं लिहून घेतलं. अहो, मी जीव तोडून सांगत होतो, पण शिशाचं कोण ऐकणार? तेवढ्यात वारा सुधारला आणि आम्ही नांगर न टाकताच पुढे निघालो.

संध्याकाळी मला पुसताना काकांना माझ्या कडेवरचा ताजा पोचा दिसला. वाळूनं शिशाला पोचा पडत नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. पण चुकीचा तळ सांगणाऱ्याला कप्तान पुन्हा जहाजावर घेत नसे. काकांनी तोंडाला कुलूप घातलं.

आम्ही बंदरात परतलो तेव्हा काकांचा जावई जहाजावरच भेटायला आला. तोही खलाशी. त्याचं जहाज परवाच्या भरतीला त्याच खाडीकडे निघणार होतं.

"मामा, तुमच्या लेकीला सांगून आलोय," तो हसत म्हणाला. "म्हटलं, काळजी कसली करतेस? नांगर टाकायची जागा तुझ्या बाबांनीच मोजलीय."

काकांनी मला उचललं. मग ते तडक कप्तानाच्या खोलीत गेले.

"साहेब, ती वाळू जुन्या चरबीतली. खाली खडक आहे. हा पोचा बघा."

कप्तानानं माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. "इतके दिवस मूग गिळून बसलास, आणि जावई निघाला तेव्हा वाचा फुटली होय रे?"

"हो साहेब. परका कोणी असता तर कदाचित गप्पच बसलो असतो. त्याचीच जास्त लाज वाटते."

कप्तानानं नोंदवही उघडली. मग 'वाळू' खोडून त्यानं 'खडक' लिहिलं, जावयाच्या जहाजावर निरोप धाडला, आणि काकांना कामावरून काढलं. जाण्याआधी काकांनी माझा खळगा खरवडून अगदी लख्ख केला. मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

पुढे शिडं गेली, यंत्रं आली. जुन्या नोंदवह्यांबरोबर मीही इथे येऊन पडलो. वह्या चाळायला येणारी मुलं ते पान पाहून म्हणतात, "शी! काय ही खाडाखोड!"

मित्रांनो, हसू नका. काही मोजायला निघालात तर आधी कालची चरबी खरवडा. तरीही चुकलात, तर खोडायला लाजू नका. त्या एका खाडाखोडीपायी वावकाका पुन्हा कधी समुद्रावर गेले नाहीत. पण त्यांचा जावई घरी परत आला.