सायलस पेंडरचा सापळा

मी एक लोखंडी सापळा आहे. दोन जबडे, दोन पोलादी पट्ट्या आणि हातभर साखळी, एवढाच माझा संसार. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या एका लोहारानं मला घडवलं ते बीव्हर नावाचे ओढ्यातले केसाळ प्राणी धरण्यासाठी. त्यांच्या मऊ कातड्यांच्या टोप्या दूरच्या शहरांत मिरवायच्या म्हणून माणसं दोन-दोन वर्षं डोंगरात गडप होत.

सायलस पेंडर त्यांतलाच. होडीवाल्याचा मुलगा, जेमतेम विशीतला. पहिल्या हिवाळ्यात त्यानं मला ओढ्यात असं काही लावलं की बीव्हर मला खुशाल वळसा घालून जात. त्या डोंगरातल्या मूळ रहिवाशांपैकी, शोशोनी लोकांतली तोयाबी काठावरून हे रोज बघायची.

एक दिवस ती म्हणाली, "सापळ्याला नाही घाबरत ते. तुझ्या बुटांच्या वासानं पळतात."

काठावर वास राहू नये म्हणून ती पाण्यातूनच चालत आली आणि तिनं मला काठाशी, वीतभर पाण्याखाली बसवलं. सकाळी माझ्या जबड्यात पहिलं बीव्हर होतं. ते शेवटपर्यंत धडपडलं. मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. सायलस मात्र नाचला, आणि बर्फ वितळल्यावर त्यानं तोयाबीशी लग्न केलं.

पुढं रेशमी टोप्यांची चाल आली आणि मी खुंटीला लागलो. सायलस वाटाड्या झाला. डोंगरातली प्रत्येक वाट त्याला तोयाबीच्या भावानं दाखवली होती. अशाच एका वाटेनं त्यानं बर्फात अडकलेली चाळीस माणसं सुखरूप खाली आणली. त्यांत एक ओली बाळंतीण होती. तिचं तान्हं तो आपल्या कोटात घेऊन चालला. हे खरं आहे.

आणि हेही खरं आहे. सात वर्षांनी सैन्याचा एक कप्तान दारात आला. "नदीच्या वळणावरची शोशोनींची वस्ती दाखव. नुसतं बोलायचंय," म्हणाला. सायलस पुढं झाला. पहाटे सैनिकांनी झोपलेल्या वस्तीवर गोळ्या झाडल्या. एकतीस माणसं गेली. त्यांत तोयाबीचा तो भाऊही होता.

सायलस घरी आला तेव्हा तोयाबीला सगळं कळलं होतं.

"वाट कुणी दाखवली?"

"बोलणारच होते गं ते. मला तसंच सांगितलं होतं."

"वाट कुणी दाखवली, ते विचारतेय."

तो खाली बसला. तिनं लेकीला पाठीशी बांधलं, खुंटीवरून मला काढलं आणि निघाली. त्या वर्षी दोघी जगल्या त्या मी धरलेल्या शिकारीवर.

म्हातारपणी एक वर्तमानपत्रवाला सायलसकडं आला. त्यानं बर्फातली हकीकत लिहून नेली. "वळणावरचंही लिहा," सायलस म्हणाला म्हणे. ते छापलं नाही. गावाला पेंडर नाव मिळालं, चौकात उंच चौथऱ्यावर त्याचा पुतळा बसला. तोयाबीच्या घरात मात्र ती एकतीस नावं आईनं लेकीला सांगावीत, अशी रीत पडली. मी ती सहा पिढ्या ऐकली.

तिची वंशज वर्ना पुतळा हटवा म्हणाली, तेव्हा गाव पेटलं. सभेला जाताना तिनं मला पिशवीत घातलं. समोर हारलन उभा राहिला. कोटातून आलेल्या त्या तान्ह्याचा तो खापरपणतू.

"वर्नाबाई, तो माणूस नसता तर मी नसतो!"

"अहो, तो नसता तर मीसुद्धा नसते. माझ्या नाकाकडं बघा, त्याचंच आहे." लोक हसले. तिनं मला टेबलावर ठेवलं. "पण त्या पहाटे तो घरी बसला असता, तर या सभेला माझी किती माणसं असती, ते मोजा."

हारलन मोजत असावा. मग म्हणाला, "नावं आहेत तुमच्याकडं?"

आठ महिने भांडणं झाली. शेवटी पुतळा चौथऱ्यावरून उतरवून जमिनीवर, माणसांच्या उंचीला उभा केला. वळणावर दगड बसला, त्यावर एकतीस नावं. मी तिथल्या छोट्या खोलीत, जबडे मिटून, उघड्या फळीवर आहे. दोन्ही हकीकती माझ्याशेजारी लिहिल्यात. काहीजण अजूनही वर्नाला बघून रस्ता बदलतात. हारलन बदलत नाही.

परवा दगडापाशी हिवाळी मेळा भरला, तेव्हा नावं वाचायला तोच उभा राहिला. चौथ्याच नावाला त्याची जीभ अडखळली.

"परत," वर्ना म्हणाली.

त्यानं परत म्हटलं. चुकलं.

"घशातून नका काढू. हळू. तोयाबीचा भाऊ तो, म्हणजे माझा मामाच, सहा पिढ्यांपूर्वीचा."

तिसऱ्यांदा नाव नीट उमटलं. वर्नानं मान हलवली आणि हारलन पाचव्याकडं वळला.

तुम्ही कधी इकडं आलात, तर मला हात लावून बघा. पण घाईनं निघू नका. दगडापाशी जाऊन एक तरी नाव मोठ्यानं वाचा. चुकलात तर सांगायला इथं माणसं आहेत.