शेवटची ओळ पुसलेली पाटी

दचकू नका, वर बघा. मी पाटी बोलतेय. मिरज स्टेशनाकडून दवाखान्यांच्या रस्त्याला लागलात की डाव्या हाताला नूरजहांभाभींचं लॉज लागतं, त्याच्या दारावर मी टांगलेली आहे. अंगानं पत्र्याची, पण नजर पक्की. चहा कुठं घ्यावा, मटण कुठं खावं, पाठ कुठं टेकावी, हे मला विचारा. ट्रकचा हॉर्न वाजला की मी अजून थरथरते, तेवढं सोडून द्या.

रंगवली तेव्हा माझ्यावर एकच ओळ होती, 'जेवणाची व राहण्याची सोय होईल.' तेवढी पुरायची. मिरजेला माणसं फिरायला कमी आणि दुखणी घेऊन जास्त येतात. जत-आटपाडीकडची मंडळी तर फडक्यात कैक दिवस टिकणाऱ्या कडक भाकऱ्या बांधूनच येतात. घरची भाकरी असताना विकतची खाणं त्यांना पटत नाही. भाभी त्यांना नुसता रस्सा आणि कांदा देतात. लॉजची रीतच आहे ती.

मग भाभींची लेक मदिहा पुण्याहून हॉटेलचं शिकून आली. तिनं लॉज फोनवर चढवलं. तिथं कुणीतरी लिहिलं, 'खोलीत लसणाच्या चटणीचा वास येतो.' पोरीला जेवण गोड लागेना. तिनं ब्रश उचलला आणि माझ्या तळाशी लिहिलं, 'बाहेरचे अन्न आणण्यास सक्त मनाई.' माझ्या अंगावर काटाच आला.

थंडीचे दिवस होते. एका दुपारी तानुबाई आली. आटपाडीकडची, मेंढरं राखणारी. नवरा समोरच्या दवाखान्यात, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. डॉक्टरांनी बजावलेलं, जवळपासच राहा. तिनं एकेक अक्षर लावत मला वाचलं, काखेतलं गाठोडं चाचपलं आणि मागं फिरली. रस्त्यापलीकडं एका बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. आता ही रात्र कुठं काढणार, या काळजीनं मी खिळ्यावर नुसती हलत राहिले.

बाजारातून येणाऱ्या भाभींनी तिला हेरलं.

"आवं बाई, थंडीचं इथं का बसलाय? खोल्या हायत की."

"तुमच्या पाटीवर लिवलंय न्हवं. माज्याजवळ भाकरी हाय."

मदिहा दारातून पुढं आली. "मावशी, भाकरी काउंटरला ठेवा. आमचं जेवण ताजं असतं."

"ताजं आसंल की गं. पर ह्या आमच्या मालकांसाठी हायत, दवाखान्यात हायत त्ये. बरं झाल्यावर पयला घास घरचाच खानार म्हनत्यात. लय हट्टी मानूस."

भाभींनी लेकीकडं पाहिलं. "पुण्यात शिकवलं का गं ह्याचं काय करायचं ते?"

मदिहा आत गेली. स्टूल घेऊन आली, थिनरमध्ये बुडवलेल्या फडक्यानं मला खसाखसा घासलं. मला झोंबलं, पण बरं वाटलं. ओळ गेली, पांढरट डाग राहिला. तानुबाई गाठोड्यासकट आत गेली.

ऑपरेशन नीट झालं. घरी सोडलं त्या दिवशी तानुबाईचे मालक बाळासो काठी टेकत आले आणि माझ्याखालच्या बाकावर बसले. भाभींनी डॉक्टरांना विचारून बिनतिखटाचा रस्सा आणला.

"हितं काय लिवलं हुतं गं?" त्यांनी डागाकडं बोट केलं.

तानुबाईनं भाकरी कुस्करली. "तुमी खावा."

आता माझा रंग उडालाय. मदिहा नवी पाटी करायची म्हणते. करू दे. फक्त तळाची जागा मोकळी सोड म्हणावं. आणि तुम्ही कधी मिरजेला आलात, तर गाठोडं काखेत लपवू नका. सरळ आत या, रस्सा गरम आहे.